वाटणीची भिंत

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस एखाद्या मोठ्या कंपनीच्या संगणक विभागात जाऊन "सगळ्यात जास्त डोकेदुखी कसली?" असं विचारलं असतं, तर व्हायरसचं नाव बहुधा दुसरं-तिसरं आलं असतं. पहिलं गाऱ्हाणं प्रोग्रामांच्या आपसातल्या भांडणांचं असायचं. सोमवारी हिशेबाचा नवा प्रोग्राम बसवावा आणि मंगळवारी पगारपत्रकाचा जुना प्रोग्राम उघडेनासा व्हावा. दोघांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही, पण दोघेही विंडोजच्या एकाच फोल्डरमधली एकच डीएलएल फाइल वापरत असत. नव्यानं येताना त्या फाइलची आपल्याला हवी ती आवृत्ती आणली, जुनी पुसली आणि जुन्या प्रोग्रामचा आधार गेला.

या प्रकाराला जगभर 'डीएलएल हेल' म्हणत. सामाईक कोड एकाच ठिकाणी ठेवायचा हा निर्णय मुळात शहाणपणाचाच होता. डिस्क महाग होती, मेमरी त्याहून महाग. बारा प्रोग्रामांना खिडकी उघडण्याचा तोच कोड लागत असेल तर त्याच्या बारा प्रती कशाला? पुढे डिस्क स्वस्त झाली आणि काटकसरीची ही सवय मात्र भांडणाचं मूळ होऊन बसली.

हे भांडण सर्वात कडू व्हायचं ते सिट्रिक्सच्या सर्व्हरवर. आयबीएममध्ये ओएस/२ वर काम केलेल्या एड याकोबुची यांनी 1989 मध्ये ही कंपनी काढली होती. 1995 च्या त्यांच्या विनफ्रेममुळे एका सर्व्हरवर अनेक माणसं एकाच वेळी आपापल्या पडद्यावर विंडोज वापरू लागली. एका सर्व्हरवर पन्नास जण बसलेले असताना दोन प्रोग्रामांचं बिनसलं तर पन्नास जणांचं काम ठप्प. म्हणून कंपन्या न पटणाऱ्या प्रोग्रामांसाठी वेगवेगळे सर्व्हर ठेवत, आणि ते सर्व्हर निम्मे रिकामे बसून वीज खात.

बोस्टनच्या सॉफ्ट्रिसिटी नावाच्या कंपनीनं यावर तोड काढली, सॉफ्टग्रिड. कल्पना साधी होती. प्रोग्राम खऱ्या विंडोजवर बसवायचाच नाही. आधी एका स्वच्छ संगणकावर त्याची बसवणी करायची आणि तो कुठे काय लिहितो, कोणत्या फाइली टाकतो, विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंगांच्या वहीत, कोणत्या नोंदी करतो हे सगळं टिपून घ्यायचं. त्या टिपणाचं एक गाठोडं करायचं. मग वापरणाऱ्याच्या संगणकावर प्रोग्राम चालू झाला की त्याच्या आणि विंडोजच्या मध्ये एक पातळ थर बसतो. प्रोग्राम म्हणतो, 'सिस्टिम३२ मधली अमुक फाइल दे.' थर त्याला गाठोड्यातली प्रत देतो. प्रोग्राम म्हणतो, 'रजिस्ट्रीत हे लिही.' थर ते भलतीकडेच, त्याच्या खासगी वहीत लिहून ठेवतो. आपण अख्ख्या संगणकाचे मालक आहोत असं प्रोग्रामला वाटत राहतं. मायक्रोसॉफ्टनं 2006 मध्ये सॉफ्ट्रिसिटी विकत घेतली आणि सॉफ्टग्रिडचं नाव पुढे ॲप-व्ही झालं. 2008 च्या जानेवारीत व्हीएमवेअरनं थिनस्टॉल ही कंपनी घेतली. तिचं उत्पादन थिनॲप या नावानं बाजारात आलं. त्यात तर तो पातळ थरही गाठोड्यातच शिवलेला असे. एकच एक्झी फाइल. पेन ड्राइव्हवर घ्या, कुठेही चालवा, बसवणी नको की ॲडमिनचा पासवर्ड नको.

दोन भावांचं पटेना की वाड्यात मधोमध भिंत घालतात. कधी विटांची, कधी नुसती कुडाची. तिच्यामुळे रोजची कटकट थांबते. पण दरोडेखोर आले तर हीच भिंत अडवेल असं कुणी म्हटलं, तर ती बांधणारा गवंडीच हसेल. गाठोड्यांच्या या तंत्राला ॲप्लिकेशन व्हर्च्युअलायझेशन म्हणतात, आणि त्याच्या सुरक्षेचा इतिहास म्हणजे बहुतांशी वाटणीच्या भिंतीला तटबंदी समजण्याचा इतिहास आहे. आणि तो विंडोजपासून सुरू होत नाही.

मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला आयबीएमचं एक छोटं संशोधन केंद्र होतं. तिथे रॉबर्ट क्रीझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1964 पासून सीपी-४० ही प्रणाली रचली. एक संगणक, आणि त्यावर प्रत्येक वापरणाऱ्याला आपल्या एकट्यासाठीच अख्खा संगणक असल्याचा भास. हेतू वाटून वापरण्याचा होता. लाखो डॉलर्सचं यंत्र एकट्यासाठी कोण ठेवणार? याच घराण्यातून 1972 मध्ये व्हीएम/३७० हे आयबीएमचं अधिकृत उत्पादन निघालं. दुसऱ्याच वर्षी एमआयटीच्या स्टुअर्ट मॅडनिक आणि जॉन डॉनोव्हन यांनी एका परिषदेत मांडलं की हा मार्ग सुरक्षेसाठीही उत्तम आहे. त्यांचा तर्क आजही पटतो. ऑपरेटिंग सिस्टिम अवाढव्य असते, तिच्यात चुका असणारच. व्हर्च्युअल यंत्र सांभाळणारा खालचा थर त्या मानानं लहान, म्हणून चुका कमी. चोराला दोन्ही थर फोडावे लागतील, आणि एकाच वेळी दोन्हीकडे जुळणारी भोकं सापडणं अवघड. 1974 मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी अशा थरानं कोणत्या अटी पाळायला हव्यात ते गणिती शिस्तीत लिहून काढलं. त्यांतली एक अट अशी, की यंत्राच्या सगळ्या साधनांवर त्या थराचाच पूर्ण ताबा हवा.

आयबीएमनं मग एक धाडसी गोष्ट केली. सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या संस्थेच्या तज्ज्ञांना सोबत घेऊन तिनं स्वतःच्याच व्हीएम/३७० वर हल्ला करवला. एका व्हर्च्युअल यंत्रात बसायचं आणि बाहेर पडून दाखवायचं. अट्टानासिओ, मार्कस्टाइन आणि फिलिप्स या तिघांनी 1976 मध्ये त्याचा अहवाल आयबीएमच्याच नियतकालिकात छापला. भोकं निघाली, आणि त्यांच्यात एक सूत्र होतं. जवळजवळ प्रत्येक त्रुटीचा संबंध कुठे ना कुठे इनपुट-आउटपुटशी, म्हणजे डिस्क, टेप अशा बाहेरच्या उपकरणांशी होणाऱ्या देवघेवीशी येत होता. गणना आणि मेमरी यांची राखण करणं सोपं निघालं. कारण तिथले नियम मोजके आहेत. उपकरणांचं तसं नाही. प्रत्येकाची रीत निराळी, प्रत्येकासाठी वेगळा कोड, आणि तो कोड आतल्या माणसानं दिलेल्या आकड्यांवर विश्वास ठेवून चालतो.

हे निदान लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण उद्योग ते विसरला.

युनिक्सच्या वाट्यालाही तीच गोष्ट आली, जरा वेगळ्या वळणानं. 1979 च्या सातव्या आवृत्तीत सीएचरूट नावाची एक छोटी आज्ञा आली. तिनं एखाद्या प्रोग्रामला सांगता येतं की हे अमुक फोल्डर म्हणजेच तुझं सगळं जग. नवी प्रणाली बांधून तपासताना जुनीवर शिंतोडे उडू नयेत, अशा कामांना ती सोयीची होती. पण फोल्डरात कोंडता येतं म्हटल्यावर माणसं कोंडायला लागली. 1991 च्या जानेवारीत बेल लॅब्जच्या विल्यम चेस्विक यांच्या दारावर एक घुसखोर आला आणि पासवर्डांची फाइल मागू लागला. चेस्विक यांनी त्याला एक खोटी फाइल पाठवली आणि पुढे त्याच्यासाठी सीएचरूट वापरून एक खोटा संगणकच उभा केला. घुसखोर त्यात हिंडत राहिला, हे त्याचे चाळे टिपत राहिले. माग काढता काढता तो नेदरलँड्समध्ये निघाला, जिथे त्या वेळी अशा घुसखोरीविरुद्ध कायदाच नव्हता. चेस्विक यांचा त्यावरचा निबंध सुरक्षेच्या क्षेत्रात आजही वाचला जातो, आणि त्यातला सावधपणा त्याच्या गमतीइतकाच महत्त्वाचा आहे. ही कोठडी पूर्ण खरी भासवणं किती अवघड आहे हे ते लपवत नाहीत. ज्याच्या हाती रूटचे, म्हणजे सर्वोच्च, अधिकार आहेत त्याला सीएचरूटमधून बाहेर पडणं अवघड नसतं, हे युनिक्सच्या जाणकारांना माहीत होतं. म्हणून 2000 मध्ये फ्रीबीएसडीत पॉल-हेनिंग कॅम्प यांना 'जेल' ही वेगळी, नावाप्रमाणे खरोखर कोंडणारी सोय करावी लागली.

आता पुन्हा विंडोजकडे. गाठोड्यांची कल्पना सुरक्षेला कुठून कुठून नडते याचा पहिला मोठा धडा 14 सप्टेंबर 2004 ला मिळाला, आणि तो ॲप-व्हीच्याही आधीचा आहे. डीएलएलची भांडणं मिटवण्यासाठी मायक्रोसॉफ्टनंच तोवर एक पायंडा पाडला होता. प्रत्येक प्रोग्रामनं हवी ती प्रत आपल्याजवळ ठेवावी, सामाईक फोल्डरला हात लावू नये. चित्रं दाखवणारी जीडीआय प्लस ही लायब्ररी अशीच असंख्य प्रोग्रामांच्या फोल्डरांत जाऊन बसली. मग तिच्यात भोक सापडलं. जेपीईजी चित्रात टिप्पणी लिहायला एक जागा असते आणि तिच्या सुरुवातीला लांबीचा आकडा असतो. त्या लांबीत आकड्याच्या स्वतःच्या दोन बाइटही धरलेल्या असतात. कुणी मुद्दाम तिथे शून्य किंवा एक लिहिलं, तर दोन वजा करताना उत्तर ऋण होतं, आणि संगणक त्याला अवाढव्य धन संख्या समजून मेमरीत बेछूट लिहीत सुटतो. नुसतं चित्र पाहिलं की संगणक परक्याच्या ताब्यात. हीच चूक 2000 मध्ये नेटस्केपमध्ये सापडून गेली होती, म्हणजे ठेच लागून चार वर्षं झाली होती.

पॅच त्याच दिवशी आला. पण तो लावायचा कुठे? विंडोजमधली प्रत दुरुस्त झाली तरी ऑफिसची वेगळी, व्हिजिओची वेगळी, कुठल्या तरी तिसऱ्याच कंपनीच्या छपाईच्या प्रोग्रामनं आणलेली वेगळी. मायक्रोसॉफ्टला पॅचच्या जोडीला, आपल्या संगणकावर ही लायब्ररी कुठे कुठे आहे ते शोधणारं एक स्वतंत्र साधन द्यावं लागलं. भांडण मिटवण्यासाठी प्रती वाढवल्या आणि प्रत्येक प्रतीसोबत भोकही वाढलं. ॲप-व्ही आणि थिनॲप यांनी पुढे हेच काम जास्त नीटनेटकेपणानं केलं. त्यांच्या गाठोड्यात जावाची ठरावीक आवृत्ती, फ्लॅशची ठरावीक आवृत्ती, सगळं बांधणीच्या दिवशी होतं तसं गोठून राहतं. विंडोजचा महिन्याचा पॅच बाहेरून येतो आणि गाठोड्याला न शिवता निघून जातो. ते सोडून, पॅच लावून पुन्हा बांधायचं काम ज्यानं मूळ बांधलं त्याचं, आणि तो माणूस बहुतेक वेळा नोकरी बदलून गेलेला असतो.

2010 मध्ये हे सगळं एका ब्राउझरवर येऊन आदळलं.

इंटरनेट एक्सप्लोरर 6 ऑगस्ट 2001 चा. त्याच्या भरवशावर जगभरच्या कंपन्यांनी आपली आतली संकेतस्थळं ॲक्टिव्हएक्स हे मायक्रोसॉफ्टचं तंत्र वापरून बांधली होती. दक्षिण कोरियात तर बँकेचे व्यवहार ॲक्टिव्हएक्सशिवाय होत नसत. आपल्याकडे सरकारी ई-निविदा भरणाऱ्यांना आणि सीएच्या कचेऱ्यांना याची चव चांगली माहीत आहे. डिजिटल सही उमटायची तर अमुकच ब्राउझर आणि जावाची अमुकच आवृत्ती, म्हणून कोपऱ्यात एक जुना संगणक 'त्याला कुणी अपडेट करू नका' अशी ताकीद देऊन ठेवलेला. ऑक्टोबर 2009 मध्ये विंडोज 7 आलं आणि त्यात एक्सप्लोरर 6 चालेना. कंपन्यांपुढे दोन वाटा होत्या. संकेतस्थळं नव्यानं लिहायची, किंवा जुना ब्राउझर गाठोड्यात बांधून नव्या विंडोजवर चालवायचा. दुसरी वाट स्वस्त होती. थिनॲपसारखी साधनं वापरून कंपन्या त्या वाटेनं निघाल्या.

त्यानंतर तीन महिनेही झाले नव्हते. 12 जानेवारी 2010 ला गूगलनं जाहीर केलं की आपल्यावर चीनमधून एक योजनाबद्ध हल्ला झाला आहे आणि इतरही कंपन्या त्यात सापडल्या आहेत. मॅकॅफीनं त्याला 'ऑरोरा' हे नाव दिलं. आत शिरण्यासाठी वापरलेलं भोक इंटरनेट एक्सप्लोररमध्ये होतं. ते नव्या आवृत्त्यांतही होतं, पण प्रत्यक्ष हल्ला यशस्वी झाला तो एक्सप्लोरर 6 वर. जर्मनी आणि फ्रान्सच्या सरकारी सुरक्षा यंत्रणांनी तूर्त दुसरा ब्राउझर वापरा असा सल्ला दिला. मायक्रोसॉफ्टनं 21 जानेवारीला, महिन्याच्या ठरलेल्या दिवसाची वाट न पाहता, पॅच काढला. आणि नेमका तोच ब्राउझर कचेऱ्या-कचेऱ्यांत काळजीपूर्वक गाठोड्यात बांधला जात होता.

मायक्रोसॉफ्टची भूमिका अशी की एक्सप्लोरर हा विंडोजचा भाग आहे, तो वेगळा काढून बांधणं परवान्यात बसत नाही आणि अशा रचनेला आम्ही आधार देणार नाही. त्यात धंद्याचं गणित होतं हे उघड आहे, पण त्यामुळे मुद्दा खोटा ठरत नाही. तिनं पर्याय दिला विंडोज एक्सपी मोडचा, म्हणजे विंडोज 7 च्या आत व्हर्च्युअल पीसीवर चालणारं अख्खं एक्सपी. मार्च 2010 मध्ये कोअर सिक्युरिटी या संस्थेनं दाखवलं की व्हर्च्युअल पीसीचा थर मेमरीचा जो भाग आतल्या प्रोग्रामांपासून लपवायला हवा तो लपवत नाही. त्यामुळे खऱ्या एक्सपीवर हल्ला अडवणारी संरक्षणं या आतल्या एक्सपीत ओलांडता येत होती. एरवी निरुपद्रवी ठरणारी चूक तिथे हत्यार होत होती. हे स्वतंत्र भोक नव्हेच, असं मायक्रोसॉफ्टचं म्हणणं पडलं.

या वादात माझा कौल कोअरच्या बाजूनं आहे. पण मायक्रोसॉफ्टच्या युक्तिवादात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली होती, आणि तिच्याच मार्क रसिनोविच यांनी ती 2007 मध्ये विस्टाच्या संदर्भात स्पष्ट लिहून ठेवली होती. संगणकात अडसर पुष्कळ असतात, पण त्यांतले सगळे सुरक्षेची सीमा नसतात. जी सीमा आहे ती ओलांडली गेली तर कंपनी ते भोक मानते आणि बुजवते. जो नुसता अडसर आहे तो ओलांडला गेला तर पॅचची हमी नाही. ग्राहकाला हा फरक विक्रीच्या पत्रकावर कुठेच दिसत नसे. तिथे 'आयसोलेशन' एवढंच लिहिलेलं असे, आणि सुरक्षा अधिकारी ते वाचून समाधानानं मान डोलवत.

गाठोड्याच्या भिंतीतून पलीकडे काय काय जातं ते पाहिलं म्हणजे हा फरक कळतो. थर लिहिण्याची दिशा वळवतो. वाचण्याची बहुधा नाही. वर्डचं गाठोडं तुमचे खरे दस्तऐवज वाचू शकलं नाही तर वर्डचा उपयोग काय? म्हणजे आत शिरलेला चोर काही मोडणार नाही कदाचित, पण पाहून सगळं जाईल. थिनॲपमध्ये बंदिस्तपणाच्या तीन पायऱ्या होत्या आणि त्यांतल्या 'मर्ज्ड' या पायरीवर बाहेरच्या फोल्डरांत थेट लिहिताही येई. एक्सेलचं गाठोडं आणि त्याच्या जोडप्रोग्रामचं गाठोडं यांना एकमेकांशी बोलावं लागतं, म्हणून ॲप-व्हीनं गाठोडी एकमेकांना जोडायची सोय दिली. क्लिपबोर्ड सामाईक, पडद्यावरच्या खिडक्या सामाईक. एकाच पडद्यावरच्या एका खिडकीनं दुसरीला निरोप पाठवून तिच्याकडून हवं ते करवून घ्यायचं, हा 'शॅटर' हल्ला तर 2002 मध्येच जगजाहीर झाला होता. शिवाय प्रोग्राम ज्या माणसाच्या नावानं चालतो त्याचेच सगळे अधिकार त्याला असतात.

सिट्रिक्सवर हे नाट्य जरा विनोदी थाटात घडे. कंपनीनं कर्मचाऱ्याला फक्त एक प्रोग्राम दाखवायचा, बाकी विंडोज लपवायचं. तपासणीला आलेला परीक्षक काय करी, तर फाइल-ओपन दाबी. उघडलेल्या चौकटीत सर्व्हरची सगळी डिस्क दिसे. तिथे कमांडच्या काळ्या खिडकीचं नाव टाइप करून राइट क्लिक केलं की खेळ खलास. ओपन बंद केलं तर प्रिंट, प्रिंट बंद केलं तर हेल्प, हेल्पही बंद केलं तर शिफ्टची कळ पाच वेळा दाबून येणारी स्टिकी कीजची सूचना. एकही सुरुंग न लावता, केवळ मेनू वाचून बाहेर.

दरम्यान काही जणांनी उलट दिशेनं विचार सुरू केला होता. भिंत आहेच, तर ती चोरासाठीच का बांधू नये? इस्रायलच्या रोनेन त्सूर यांनी 2004 मध्ये सँडबॉक्सी काढलं, मुळात इंटरनेट एक्सप्लोररला कोंडण्यासाठी. तंत्र बरंचसं तेच, लिहिणं भलतीकडे वळवायचं आणि काम झालं की ती वही फाडून टाकायची. पण हेतू बदलला की रचनाही बदलते. 2008 च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या गूगल क्रोमनं तर भास निर्माण करण्याचा प्रयत्नच सोडला. त्यानं वेबपान वाचणारी प्रक्रिया जवळपास सगळे अधिकार काढून चालवली. तिला स्वतः फाइल उघडता येत नाही. काही हवं तर दारावरच्या दुसऱ्या प्रक्रियेकडे मागायचं, आणि ती पारखून देणार. प्रोग्रामला सुखात ठेवण्याचं ओझं नसल्यामुळे ही भिंत कडक करता आली. अर्थात त्यासाठी प्रोग्राम मुळापासून तसा लिहावा लागतो. जुन्या पगारपत्रकाला हे औषध लागू पडत नाही.

तरीही भोकं राहिली. 2012 मध्ये क्रोम फोडण्याच्या गूगलच्याच स्पर्धेत 'पिंकी पाय' या टोपणनावाच्या तरुणानं सहा वेगवेगळ्या चुका एकापुढे एक ओवून बाहेर येऊन दाखवलं. मला यात भिंतीचं अपयश दिसत नाही. जिथे पूर्वी एक चूक पुरत होती तिथे सहा लागल्या, आणि मॅडनिक-डॉनोव्हन यांनी 1973 मध्ये केलेला हिशेब तो हाच.

आणि 1976 चं निदान? तेही परत आलं. 2007 मध्ये टॅव्हिस ऑर्मंडी यांनी व्हर्च्युअल यंत्रं चालवणाऱ्या क्यूईएमयू, व्हीएमवेअर आणि तत्सम थरांवर आतून उपकरणांच्या दिशेनं वाटेल ते आकडे फेकून पाहिले. एकही थर त्यातून धड बाहेर आला नाही. 2009 मध्ये कोस्त्या कोर्चिन्स्की यांनी व्हीएमवेअरच्या नकली ग्राफिक्स कार्डातून बाहेर पडून दाखवलं. 13 मे 2015 ला 'व्हेनम' जाहीर झालं. क्यूईएमयूच्या फ्लॉपी डिस्क नियंत्रकातली ही चूक 2004 पासून तिथे होती. ज्यांच्या क्लाउडवर कुणीही कधी फ्लॉपी पाहिलेली नाही अशा झेन आणि केव्हीएम या थरांच्या सर्व्हरवर ती निवांत बसलेली. फ्लॉपी बंद केली तरी दुसऱ्याच एका चुकीमुळे तिचा कोड चालूच राहायचा. व्हीएम/३७० वर हल्ला करणाऱ्या तिघांनी हे वाचलं असेल तर त्यांना आश्चर्य खासच वाटलं नसेल.

2013 मध्ये डॉकर आलं आणि गाठोड्यांचा संसार लिनक्सवर नव्यानं मांडला गेला. कारणही तेच जुनं, 'माझ्या मशीनवर चालतं, तुझ्या का नाही?' प्रोग्राम आणि त्याला लागणारी सगळी लायब्ररी एका 'कंटेनर'मध्ये एकत्र बांधा, कुठेही चालवा. पाठोपाठ तोच गैरसमजही आला. रेड हॅटचे डॅन वॉल्श 2014 पासून कानीकपाळी ओरडत होते की कंटेनर कोंडून ठेवत नाही, सगळ्यांच्या खाली कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, एकच आहे. फेब्रुवारी 2019 मध्ये कंटेनर चालवणाऱ्या रनसी या मूळ प्रोग्राममध्येच असं भोक निघालं की आतल्याला बाहेरची रनसी फाइलच बदलून टाकता येत होती. मायक्रोसॉफ्टनं या वेळी आपल्या कागदांत स्पष्ट लिहिलं की विंडोजचे साधे कंटेनर ही सुरक्षेची सीमा नाही, हायपर-व्हीच्या व्हर्च्युअल यंत्रात वेगळे चालवलेले कंटेनर मात्र ती सीमा आहेत. परक्यांचा कोड चालवून पोट भरणाऱ्या ॲमेझॉननं 2018 मध्ये फायरक्रॅकर काढलं. त्यात प्रत्येक कामाला छोटंसं खरं व्हर्च्युअल यंत्र मिळतं, आणि नकली उपकरणं मुद्दाम बोटांवर मोजण्याइतकीच ठेवलेली आहेत. फ्लॉपी नाहीच.

कोंडण्याचा प्रश्न असा थोडाफार मार्गी लागला, पण गोठलेल्या गाठोड्याचा लागला नाही. डिसेंबर 2021 मध्ये लॉग४जे या जावा लायब्ररीतलं भोक उघड झालं. नोंदवहीत एक विशिष्ट ओळ लिहिली जाईल एवढं केलं की सर्व्हर हाती येत होता. दुरुस्त आवृत्ती लगेच निघाली. जगभरच्या अभियंत्यांचा नाताळ मात्र वेगळ्याच प्रश्नात गेला, आपल्याकडे ही लायब्ररी आहे तरी कुठे? ती एका जार फाइलीत, ती जार दुसऱ्या जारमध्ये, ती एका कंटेनरच्या प्रतिमेत, आणि ती प्रतिमा कुणी कधी बांधली याचा पत्ता नाही. अमेरिकी सरकारनं नेमलेल्या चौकशी मंडळानं जुलै 2022 मध्ये लिहिलं की हे भोक पुढची दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळ कुठे ना कुठे शिल्लक राहील.

आता नियामकांनी गाठोड्याची यादी मागायला सुरुवात केली आहे. त्याला एसबॉम म्हणतात. सॉफ्टवेअरमध्ये कोणता घटक, कोणत्या आवृत्तीचा, कुणाकडून आला याचा तपशील. ऑक्टोबर 2024 मध्ये आपल्या सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेनं त्याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्याच्या आधी ऑगस्टमध्ये मुंबईच्या सेबीनं शेअर दलालांपासून म्युच्युअल फंडांपर्यंत आपल्या अखत्यारीतल्या संस्थांसाठी सायबर सुरक्षेची नवी चौकट जाहीर केली आणि महत्त्वाच्या प्रणालींसाठी ही यादी बंधनकारक केली. जुन्या सॉफ्टवेअरची यादी मिळतच नसेल, तर तसं कारणासकट लिहून, धोका कसा सांभाळणार ते नमूद करून, त्यावर संचालक मंडळाची मंजुरी घ्यायची आहे.